चादर धरलेला माणूस

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक मेलेला माणूस तीन जिने चढून फोटोग्राफरच्या दारात आला आणि पाय कुठे पुसू, असं त्याने विचारलं. मेलेला म्हणजे कागदोपत्री मेलेला. एरवी त्याची तब्येत फोटोग्राफरपेक्षा बरी म्हणायची. तीन जिने चढूनही त्याला धाप लागली नव्हती, आणि फोटोग्राफरला मात्र दार उघडायला खुर्चीतून उठल्यानेच लागली होती. चेहरा ओळखीचा नव्हता. पण दाराच्या चौकटीवर टेकलेला डावा हात पाहिला आणि फोटोग्राफरच्या उजव्या पापणीखालची शीर उडायला लागली. त्या हाताला तीनच बोटं होती. हा हात त्याने अख्खी एक दुपार डार्करूममध्ये बसून न्याहाळला होता, उलटा, आणि काळ्याच्या जागी पांढरा. असा सुलट, सावळा आणि नखांत माती असलेला तो दारात येईल, ही कल्पना त्याला शिवलीही नव्हती. निगेटिव्हमधल्या वस्तूंनी निगेटिव्हमध्येच राहायचं असतं, एवढी शिस्त जगात असेल असं तो धरून चालला होता.

"साहेब, ओळखलंत का?"

"नाही," फोटोग्राफर म्हणाला. इतक्या चटकन 'नाही' म्हणणारा माणूस ओळखत असतो, हे कुणालाही कळलं असतं. पण पाहुणा भला होता, किंवा त्याला घाई होती. "मी चादर धरली होती," तो म्हणाला, आणि दोन्ही हात खांद्यांच्या वर नेऊन त्याने हवेतच ती पुन्हा धरून दाखवली.

आता त्या चादरीचं सांगायला हवं. मंदीचं तिसरं वर्ष होतं. शहरात लोक नोकऱ्या गेल्याचं बायकांना न सांगता डबे घेऊन बागेत बसत, आणि खेड्यांत तेवढाही आडपडदा उरला नव्हता. सरकारने एक खातं काढलं. त्या खात्याने फोटोग्राफर नेमले. आणि फोटोग्राफरांनी गावोगाव फिरून गरिबी टिपून आणावी, म्हणजे मदत कुठे पाठवायची ते खात्याला दिसेल, असं ठरलं. हा फोटोग्राफर अकरा दिवसांत सव्वीस गावं फिरला. त्यातल्या एका गावी एका झोपडीच्या दारात एक बाई तीन मुलांना घेऊन बसली होती, आणि तिचा फोटो आज देशातल्या प्रत्येक मदत कचेरीच्या भिंतीवर होता. 'मागे उरलेली', असं त्याचं नाव. तिच्या नजरेवर एका मासिकाने दोन पानं खर्ची घातली होती. ही बाई भविष्याच्या पोकळीत पाहते आहे, असं त्या लेखकाचं म्हणणं. फोटोग्राफरने तो लेख कापून ठेवला होता आणि पाहुण्यांना दाखवताना दर वेळी त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या, कारण बाई पाहत होती ती एका चादरीकडे. भर दुपारची उभी उन्हं होती, तिच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचला होता, आणि समोरून उजेड परतवायला काहीतरी पांढरं हवं होतं. मदतनीस अलीकडच्याच गावी पोट बिघडून पडला होता. तेव्हा बाईच्या नवऱ्याने घरातून चादर आणली. त्या घरात पांढरी म्हणावी अशी एकच वस्तू, लग्नात आलेली, एका कोपऱ्याला शाईचा डाग असलेली. फोटोत ती दिसून चाललं नसतं. इतकी चांगली चादर असलेलं घर गरीब कसलं? म्हणून चादर चौकटीबाहेर राहिली, आणि तिच्याबरोबर नवराही.

"बसा," फोटोग्राफर म्हणाला. पाहुणा खुर्चीच्या कडेवर बसला, बसमध्ये तिकीट न काढलेला माणूस बसतो तसा. मग त्याने सगळं सांगितलं, एका सुरात, बहुतेक वाटेत पाठ करत आला असावा. फोटोच्या मागे खात्याची चिठ्ठी होती, तिच्यावर 'विधवा व तीन अपत्ये' असं होतं. त्या चिठ्ठीवरून बायकोचं नाव विधवांच्या यादीत गेलं. धान्य सुरू झालं. पहिले काही महिने गावात हसण्यावारी गेलं. लोक त्याला 'मयत' अशी हाक मारायचे, आणि तोही 'ओ' द्यायचा. तपासनीस बाई महिन्यातून एकदा यायची तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसायचा. मुलांना तो खेळ वाटायचा. धाकटी तर तपासनीस बाईंना आपणहून सांगायची, आमचे बाबा मेलेत, गोठ्यात आहेत. बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि वहीत काहीतरी लिहायची.

"मग आता काय झालं?"

पाहुण्याने आपल्या तीन बोटांकडे पाहिलं. "बायकोला दिवस गेलेत, साहेब. चौथा महिना आहे. अजून पदराआड खपतंय, पुढे खपणार नाही. त्यात शेजाऱ्याने अर्ज केलाय की या विधवेच्या घरी माणूस असतो."

"पण शेजाऱ्याला ठाऊक असेल ना तुम्ही कोण ते?"

"त्याच्या घरची भिंत आणि माझ्या घरची भिंत एकच आहे. मी विचारायला गेलो. म्हटलं, दादा, असं का लिहिलंस? तर म्हणतो, खोटं काय लिहिलं? ती विधवा आहे असं सरकार म्हणतं. माणूस असतो असं मी म्हणतो. दोन्ही खरंच आहे." त्याने हे सांगितलं ते शेजाऱ्याच्या बुद्धीचं थोडं कौतुक वाटल्यासारखं. "वाईट चालीच्या बाईचं धान्य बंद करतात. नावही लावतात कचेरीच्या दारावर, कारणासकट. बारा दिवसांनी तपासणी आहे."

तो कचेरीत जाऊन आला होता. तिथल्या कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि म्हणाला होता की तुम्ही समोर उभे आहात हे मला दिसतं, पण फायलीला दिसत नाही. आम्ही मेल्याचा दाखला देतो. जिवंतपणाचा दाखला द्यायची पद्धत नाही, तो ज्याचा त्याने आपल्यापाशी ठेवायचा असतो. वाईट माणूस नव्हता तो कारकून. त्यानेच नियमांची पुस्तिका उघडून दाखवलं की कर्ता पुरुष अधू असला तरी घराला विधवेइतकंच धान्य मिळतं. मळणीयंत्राने बोटं नेली तो दिवस, बोटांची संख्या, सगळं नियमात बसत होतं. म्हणजे मरायची काही गरजच नव्हती, असं तो कारकून म्हणाला आणि दोघंही थोडा वेळ हसले. फक्त फोटो ज्याने काढला त्याने दोन ओळी लिहून द्यायच्या, की फोटोच्या वेळी नवरा हजर होता आणि चिठ्ठीत चूक झाली. चूक फोटोग्राफरची असेल तर घरावर लबाडीचा ठपका येत नाही.

'चूक' हा शब्द फोटोग्राफरच्या कानात डास शिरावा तसा शिरला. चूक नव्हती ती. पद्धत होती. दौऱ्यावरून आल्यावर खातं एक छापील तक्ता पाठवायचं, आणि शेकडो फोटोंच्या चिठ्ठ्या चार दिवसांत भरून मागायचं. कोण बसून आठवणार? प्रिंट समोर धरायचं आणि त्यात दिसेल ते लिहायचं, असं सगळेच करत. मुलं दिसली तर मुलं. म्हातारा दिसला तर म्हातारा. या प्रिंटात पुरुष दिसत नव्हता. दिसत नव्हता कारण डाव्या कडेला आलेली ती तीन बोटं आणि चादरीचा वितभर काठ त्याने आधीच कापला होता. आणि कापला तो काही कपट म्हणून नव्हे, कडेला नुसतीच बोटं आली की फोटो लंगडा होतो म्हणून. मग पुरुष नसलेल्या बाईसमोर त्याने 'विधवा' लिहिलं. 'नवरा फोटोत नाही' असा रकाना तक्त्यात नव्हता. हे सगळं त्याला सरळ, जवळजवळ निष्पाप वाटत आलं होतं. ज्या खणात ती न कापलेली निगेटिव्ह होती तो आत्ता त्याच्या गुडघ्याला लागून होता, आणि खणाच्या पितळी मुठीचा गारवा विजारीतून आत झिरपत होता. तीन बोटांचा हात गावात दुसरा नाही, पाहुणा म्हणत होता, फोटोच्या काठावर कुठे आला असेल तर बघता का साहेब?

"निगेटिव्ह सरकारजमा होतात," फोटोग्राफर म्हणाला, आणि गुडघा थोडा बाजूला घेतला.

तेवढ्यात आतून त्याची बायको चहा घेऊन आली. ती सरकारी नकाशांच्या छापखान्यात होती आणि मंगळवारी तिची सुट्टी असे. तिला पाहुण्यांची फार हौस. त्यांच्याशी बोलायला नव्हे, नंतर त्यांच्याबद्दल बोलायला. तिने दारामागून सगळं ऐकलं असणार, कारण कप ठेवताठेवताच तिने विचारलं, "चौथा लागलाय की संपतोय?"

"संपतोय, बाई."

"अगोबाई," ती म्हणाली आणि फोटोग्राफरकडे वळली. "अरे, मग देऊन टाक की लिहून. दोन ओळींचा तर प्रश्न."

"शुक्रवारी काय आहे?" फोटोग्राफर म्हणाला.

शुक्रवारी खात्याचं पदक होतं. पदकाबरोबर मुख्य फोटोग्राफरची जागा होती, म्हणजे अशा दिवसांत पेन्शनीपर्यंत छप्पर. ती जागा मिळावी म्हणून चारजण टपलेले होते, आणि 'मागे उरलेली' ही मागे उरलेली नसून तिचा नवरा आपला चादर धरून उभा होता, एवढं त्यांच्या कानी गेलं असतं तर चौघांनी मिळून मिठाई वाटली असती. बायकोने क्षणभर भिंतीकडे पाहिलं. मग साखरेचं भांडं पाहुण्यापुढे सरकवत म्हणाली, "मग राहू दे," आणि पाहुण्याला, "साखर घ्या ना, लाजू नका."

पाहुण्याने तीन चमचे घेतले. त्याच्या ढवळण्याचा आवाज खोलीत गोल गोल फिरत राहिला आणि फोटोग्राफरला ती दुपार आठवली, आठवायची नव्हती तरी. तो नवरा फार विनोदी निघाला होता. चादरीच्या वरून डोकं काढून तो बायकोला काहीबाही म्हणायचा, अगं नीट गरीब दिस, पाहुणे लांबून आलेत. आणि ती हसायची, अख्खी हसायची, दात, हिरड्या, खांदे. तिला हसताना पाहून मुलं हसायची. ओळीने चौदा फोटो असे गेले. चौदा फोटोंत ती बाई इतकी सुखी दिसत होती की पाहून कुणालाही वाटावं, आपणही जरा दरिद्री व्हावं. फोटोग्राफरची मान घामाने चिकचिकत होती, उजेड सरकत होता. शेवटी त्याने नवऱ्याला सांगितलं की चादर वर घ्या, अजून वर, डोकं झाकू दे, आणि आता एक शब्द बोलायचा नाही. चादर वर गेली. नवरा दिसेनासा झाला. बाई थोडा वेळ हसू ओठांत धरून बसली, तो पुन्हा डोकं काढेल म्हणून. मग ते हसू हळूहळू वाळलं. चादरीवर ऊन तळपत होतं, तिचे डोळे दिपत होते, तरी ती तिकडेच पाहत राहिली, मागचा माणूस गेला की आहे ते न कळून. फोटोग्राफरने तेव्हा कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पुढेही दाबत राहिला. पाऊण तास त्या माणसाने हात खाली घेतले नाहीत. चादरीच्या कडेला त्याची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी. असा मदतनीस शहरात मिळत नाही, असं फोटोग्राफरला वाटलं होतं. आणि जाताना त्याने खुशीने दोन सिगारेटी दिल्या होत्या.

आपण दुष्ट आहोत का, हा प्रश्न त्याला अधूनमधून पडे, दाढदुखी येते तसा. आणि गार पाण्याच्या चुळीने जातो तसा जाई. वडील शेवटचे श्वास घेत होते तेव्हा त्याने एक पाऊल मागे घेतलं होतं. हातात कॅमेरा नव्हता. पण जिथे तो उभा होता तिथून पलंगाचा एक पाय कापला जात होता, आणि वडिलांना पूर्ण पलंगानिशी पाहावं असं त्याला आतून वाटलं. मागे घेतलेलं पाऊल नर्सच्या पायावर पडलं. ती 'आई गं' म्हणाली, त्याने वळून माफी मागितली, आणि परत पाहिलं तोवर वडील आटोपले होते. ही गोष्ट तो लोकांना विनोदी म्हणून सांगत असे. लोक कमी हसत. आत्ताही समोर बसलेल्या माणसाच्या डाव्या गालावर खिडकीचा उजेड पडला होता, आणि जबड्याचं हाड, गळ्याची शीर, बशीत ओतलेला चहा, हे सगळं असं जुळून आलं होतं की फोटोग्राफरच्या मनात आलं, या माणसाला तेव्हा आपण उगाच झाकलं. हाच घ्यायला हवा होता. बायको काय, बायका सगळ्याच तशा बसतात.

"देतो लिहून," तो एकदम म्हणाला.

पाहुण्याची बशी हिंदकळली. बायकोच्या भुवया वर गेल्या. फोटोग्राफरने खात्याचा छापील कागद घेतला, टाक घेतला, आणि एकेक शब्द तोलून लिहिला. 'सदर इसम छायाचित्रणाच्या वेळी स्थळावर हजर होता. त्याने त्या दिवसापुरते माझा मदतनीस म्हणून काम केले व त्यास मोबदला देण्यात आला. सदर बाईशी त्याच्या नात्याची मी चौकशी केलेली नाही.' खाली झोकदार सही. पुन्हा वाचताना त्याला स्वतःचं नवल वाटलं. यात एक शब्द खोटा नव्हता. चौकशी त्याने खरंच केली नव्हती. डोळ्यांसमोर चाललेल्या संसाराची चौकशी कोण करतो? सिगारेटी खरंच दिल्या होत्या. आजवर त्याने इतकं काटेकोर खरं कधी लिहिलं नव्हतं.

बायकोने खांद्यावरून वाचलं, आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "म्हणजे तुझ्याबरोबर गावात आलेला कुणी उपरा, आणि मग विधवेकडे राहिला, असं होतंय हे."

"तसं मी लिहिलेलं नाही."

"नाही," ती म्हणाली. "तसं तू लिहिलेलं नाहीस." आणि रिकामे कप घेऊन ती आत जायला निघाली, पण दारातच थांबली, पुढचं चुकवणं तिच्याच्याने झालं नाही.

पाहुण्याने कागद दोन्ही हातांत घेतला. उलटा होता, तो त्याने सहीची जागा पाहून सुलट केला. "साहेब, वाचून दाखवता का? मला वाचता येत नाही. घरी तिला सांगायचंय, पाठ करून घेतो."

फोटोग्राफरने घसा साफ केला. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. "हा माणूस त्या घरचा कर्ता पुरुष," त्याने वाचलं, "या बाईचा नवरा. फोटोच्या वेळी हजर होता. चिठ्ठीत लिहिलं गेलं ती माझी चूक." आवाज छान लागला होता. पाहुण्याने डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ मागोमाग हलत होते. 'माझी चूक'पाशी ते थांबले.

"आणखी एकदा वाचा, साहेब."

"हा माणूस या बाईचा नवरा," फोटोग्राफरने वाचलं, "त्या घरचा कर्ता पुरुष. फोटोच्या वेळी..."

पाहुण्याने डोळे उघडले. "मघाशी कर्ता पुरुष आधी आला होता."

"अर्थ एकच आहे."

"अर्थ एकच आहे," तो म्हणाला. "कागदही एकच आहे ना?"

ज्याला वाचता येत नाही तो शब्द जागच्या जागी ठेवतो, घरात दिवा नसलेला माणूस काडेपेटी ठेवतो तसा, हे फोटोग्राफरला आत्ता कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. त्याची पापणी उडत होती. पाहुण्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं, तिने बशी कपावर झाकण ठेवल्यासारखी ठेवली आणि ती नीट बसली का ते पाहू लागली. मग त्याने कागदाची घडी केली, घडीची घडी केली, ती शर्टाच्या आतल्या खिशात घातली, आणि चहा चांगला होता असं म्हणून तो जिना उतरला. पायांचा आवाज घाईचा नव्हता.

फोटोग्राफर खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर ऊन होतं, स्वच्छ, कुठेही न फाटलेलं. पाहुणा बाहेर आला, थोडा चालला, आणि बसच्या थांब्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका चष्मेवाल्यापाशी उभा राहिला. खिशातून कागद काढला. चष्मेवाल्याने आधी मान हलवली, नको, नको, काही विकत घ्यायचं नाही. मग समजलं तसा कागद घेतला आणि वाचू लागला. पाहुण्याने पुन्हा डोळे मिटले असावेत, मान तशी खाली होती. वाचून झालं. त्याने काहीतरी म्हटलं आणि चष्मेवाल्याने परत वाचलं, जरा मोठ्याने, बहिऱ्याला वाचून दाखवतात तसं. दुसऱ्यांदाही तेच शब्द आले असणार, त्याच क्रमाने. बस आली, चष्मेवाला कागद त्याच्या हातात कोंबून चढला. पाहुणा पाठमोरा उभा होता. घरी चार महिन्यांची पोटुशी बायको, बारा दिवस, आणि हातात सहीचा कागद, जो दाखवला तरी ती गेली आणि नाही दाखवला तरी गेली. फोटोग्राफरला हे सगळं त्याच्या खांद्यांत दिसत होतं. कॅमेरा त्याच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. अंतर लावून झालं होतं. उजेड मोजायची गरज नव्हती. वळ, तो मनात म्हणाला, अरे वळ ना जरा, इकडे, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

तो वळला. त्याने वर, थेट खिडकीकडे पाहिलं. कुठेही काही झाकलेलं नव्हतं. अशी नजर फोटोग्राफरला गेल्या दोन वर्षांत मिळाली नव्हती. तो श्वास रोखून उभा राहिला आणि त्याने दाबलं.

"गेला का रे?" बायकोने आतून विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि फिल्म पुढे सरकवली.